कोपरा कापलेली कार्डे

"अकरा देशांत माझे मित्र आहेत," असे बिंदुमाधवराव दुकानात येईल त्याला सांगत. गिऱ्हाईक आलेले असे लक्ष्मीच्या तसबिरीला काच बसवायला; पण काच बसेपर्यंत त्याला फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत सगळीकडची हवा कळून जाई. अकरा देशांत स्नेह जोडलेल्या या माणसाचा सख्खा थोरला भाऊ गावाच्या कडेला के. आर. पुरमला राहत होता, आणि त्याच्याशी त्यांचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. के. आर. पुरमला बस जाते, ब्राझीलला जात नाही. बस जाते तिथे मैत्री करण्यात काय मोठेपणा, असे बिंदुमाधवरावांचे मत असावे.

हे सगळे सुरू झाले एका इंग्रजी मासिकातल्या जाहिरातीवरून. जगभरच्या अनोळखी लोकांनी एकमेकांना चित्रांची कार्डे पाठवावीत, त्यातून माणूस माणसाच्या जवळ येईल, असे तिच्यात म्हटले होते. बिंदुमाधवरावांनी वर्गणी भरली. मग आपल्याच गावच्या लालबागेतल्या काचघराची कार्डे गठ्ठ्याने विकत आणली आणि सगळ्या जगाला एकच काचघर पाठवायला सुरुवात केली. मागे इंग्रजीत तीन वाक्ये असत. मी बरा आहे, आमच्याकडे हवा बरी आहे, तुमच्याकडे हवा कशी आहे? जगही सभ्य आहे. जगाने हवा कळवली.

यांत सर्वांत इमानी होता हॉलंडचा योहान. हा बोटीवरचा निवृत्त स्वयंपाकी. बिंदुमाधवरावांकडे जसे एकच काचघर, तशी त्याच्याकडे एकच पवनचक्की. दर महिन्याला पवनचक्की यायची. काही वर्षांनी घरात इतक्या पवनचक्क्या झाल्या की वारा सुटला असता तर घर उडाले असते. त्यांतली सगळ्यांत देखणी पवनचक्की बिंदुमाधवरावांनी सोनेरी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली. तिथे आधी त्यांच्या वडिलांचा, अप्पांचा, फोटो होता. अप्पांना स्वयंपाकघराच्या दाराशी जागा मिळाली.

"अप्पांना धूर लागेल तिथं," बिंदुमाधवरावांच्या पत्नी गोदूबाई म्हणाल्या.

"अप्पांनी जन्मभर विडी ओढली. त्यांना सवय आहे."

गोदूबाईंनी भाजी निवडायला घेतली. संसारात बोलून उपयोग नसतो तिथे त्या भाजी निवडत.

आता नयनाचे सांगायला हवे, कारण सगळा घोळ तिच्यावर येणार होता. नयना ही यांची एकुलती मुलगी. तिला विमानाच्या कारखान्यातला रत्नाकर नावाचा इंजिनियर सांगून आला होता. मुलगा मुलीला पसंत, मुलगी मुलाला पसंत. अडचण एकच, मुलाची आई सुनंदाबाई. ही मंडळी पुण्याहून येऊन मल्लेश्वरमला राहिलेली. सुनंदाबाईंचा शकुनावर फार भरवसा. एका मुलीला त्यांनी निघताना कोणी शिंकले म्हणून नाकारले होते. दुसरीला नाकारले, कारण तिच्या पत्रिकेत आयुष्य थोडे होते. रत्नाकर लवकरच शिक्षणासाठी दोन वर्षे जर्मनीला निघाला होता. त्याआधी साखरपुडा झाला तर झाला. नाही झाला, तर दोन वर्षांत सुनंदाबाईंना कितीतरी शिंका ऐकू येणार होत्या.

मुलाचे वडील उमाकांतराव मात्र अगदी गरीब स्वभावाचे. पोष्टाची तिकिटे जमवणे एवढे एकच व्यसन त्यांना होते, आणि तेही बायकोपासून लपवलेले. "जुन्या कागदावर परक्यांची थुंकी लागलेली असते" म्हणून सुनंदाबाईंनी ते बंद करायला लावले होते. मुलगी बघायला आले तेव्हा उमाकांतरावांनी मुलीकडे एकदा पाहिले आणि पवनचक्क्यांकडे तासभर.

बिंदुमाधवराव जगाचे मित्र असले तरी मुलीचे बाप होते. त्यांना व्याह्यांची नाडी सापडली. आलेल्या प्रत्येक कार्डाचे तिकीट ते कापून ठेवू लागले. उमाकांतराव ऑफिसातून घरी जाताना दुकानात डोकावत आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घालून गुपचूप निघून जात.

आता कापायचे कसे? तिकीट असते वरच्या उजव्या कोपऱ्यात. दुसऱ्या कोणी चौकोन कापला असता. पण बिंदुमाधवरावांचा हात तीस वर्षे चौकटीच्या पट्ट्या कापलेला. तो तिरपाच चालायचा. पट्टी ठेवली, सुरी फिरवली, कोपरा उडाला. गोदूबाईंनी ते पाहिले.

"अहो, कोपरा गेलेलं कार्ड म्हणजे कसलं असतं, ठाऊक आहे ना?"

आपल्याकडे ते पोराटोरालाही ठाऊक असते. मयताची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. असले कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच फाडून टाकायचे आणि आंघोळ करायची.

"ते फाडलेलं असतं," बिंदुमाधवराव म्हणाले. "हा कापलेला आहे. पंचेचाळीस अंशांत."

"मयताला अंश लागत नाहीत."

"तू अडाणी आहेस."

गोदूबाई चाळिशीत अक्षरे शिकल्या होत्या, देवळातल्या बायकांच्या वर्गात. फार कष्टाने शिकल्यामुळे हातात पडलेला कागद त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत, मग तो शेंगदाण्याच्या पुडीचा का असेना. बिंदुमाधवराव लहानपणीच शिकलेले. त्यांना वाचायची गरज पडत नसे.

साखरपुडा ठरला. शेजारपाजार गोदूबाईंनी स्वतः फिरून बोलावला. गावोगावच्या नातेवाइकांना बिंदुमाधवराव लिहिणार होते. पोष्टातले साधे कार्ड त्यांना आता हातात धरवेना. घरात पवनचक्क्या पडून होत्या. त्यांनी योहानच्या मजकुरावर आणि पत्त्यावर पांढरा कागद चिकटवला, त्यावर वळणदार अक्षरात आमंत्रण लिहिले, खाली दुकानाचा शिक्का मारला आणि आपले तिकीट डाव्या बाजूला लावले, कारण उजवी बाजू उमाकांतरावांच्या खिशात गेली होती. कोलारच्या पुष्पावती आत्याला एक, होसूरच्या चुलत भावांना एक, आणि बराच वेळ लेखणी चावून झाल्यावर, के. आर. पुरमच्या व्यंकूअण्णांनाही एक.

"अण्णांना बोलावता?" गोदूबाईंना खरेच बरे वाटले.

"बघू दे त्याला, कार्ड कुठून येतात मला."

दोघा भावांचे भांडण अप्पांच्या फोटोवरून. अप्पा गेल्यावर मोठा फोटो लावायचा होता. अण्णा म्हणाले पगडीतला, बिंदुमाधवराव म्हणाले टोपीतला. शब्दाने शब्द वाढला आणि बिंदुमाधवराव म्हणून गेले, "माझ्या मयतालासुद्धा येऊ नकोस." तेव्हापासून एक अप्पा के. आर. पुरमला पगडी घालून होते आणि एक अप्पा इथे टोपी घालून.

कागद चिकटवण्यात दिवस गेले आणि कार्डे पडायला उशीर झाला. ती पोहोचली ती कुठे आदल्या संध्याकाळी, कुठे त्याच दिवशी सकाळी.

साखरपुड्याच्या दिवशी दुपारी गोदूबाई जरीचे लुगडे नेसून चिरोट्यांवर साखर भुरभुरत होत्या. दारात कोणीतरी हंबरडा फोडला. पुष्पावती आत्या होती. अंगावर पांढरे लुगडे, हातात पितळी डबा, आणि डोळ्यांना पदर. गोदूबाई धावत गेल्या. आत्याने त्यांना मिठी मारली, मग लांब धरून त्यांच्या कपाळाकडे पाहिले.

"कुंकू आहे," आत्या म्हणाली. "म्हणजे बिंदू आहे."

"आहेत की. दाढी करताहेत."

"मग नयना गं?"

"मी इथं आहे, आजी." नयना गजरा माळता माळता बाहेर आली.

आत्याचे रडणे थांबले. तिने दोघींना पुन्हा एकदा पाहिले. नंतर जरा दुखावल्यासारख्या आवाजात विचारले, "मग गेलं कोण?"

"कोणीच गेलं नाही, आत्या. आज नयनाचा साखरपुडा आहे."

"असं कसं? मी आंघोळ करून निघाले आहे."

बिंदुमाधवराव अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आले. "आत्या, कार्ड वाचलं नाहीस?"

"काय वाचायचं त्यात? तुझ्या दुकानाचा शिक्का दिसला, कोपरा दिसला, फाडून टाकलं. वर क्रुसासारखं काहीतरी होतं, म्हटलं, गेला तो जाताना बाटून गेला की काय. घे, पिठलं-भात आहे. घरात चूल नसेल पेटली म्हणून आणलाय."

घरात चार चुली पेटल्या होत्या. मागच्या अंगणात आचारी डाळीच्या कोसंबरीला फोडणी देत होता. आत्याने तिकडे असे पाहिले, जणू या घराला जनाची नाही तर मयताची तरी लाज हवी होती.

तेवढ्यात होसूरची मंडळी आली. तेही पांढऱ्यात, त्यांच्याकडेही डबा. त्यांनी आत्याला गाठले आणि सगळे ओसरीवर बसून हलक्या आवाजात घरातली माणसे मोजू लागले. सगळी माणसे भरली. तेव्हा कोणाला तरी आठवले, की अप्पा दिवाणखान्यात दिसत नाहीत.

"अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली," बिंदुमाधवराव ओरडले.

"मग त्यांचा फोटो काढून तिथं काय लावलंस?"

बिंदुमाधवरावांनी वळून तिकडे पाहिले. पवनचक्की चार हात पसरून उभी होती, जणू मला काय विचारता.

"बाबा, ह्यांना परत पाठवा," नयना दातांतून म्हणाली. "चार वाजता ते लोक येणार. ओसरीवर एवढं पांढरं बघून सुनंदाकाकू टांग्यातूनच उतरायच्या नाहीत."

"पाठवतो, पाठवतो. आत्या, सगळे स्वल्प, थोडा वेळ, आत बसता का?"

"आत? सुतकाचा निकाल लागल्याशिवाय आत कशी येऊ? तुझ्याकडे काही कार्य आहे म्हणतोस ना?"

आणि तेव्हाच व्यंकूअण्णा आले.

बसस्टँडपासून भर उन्हात चालत आले होते. डोक्याला काही नाही, एका हातात डबा, दुसऱ्या हातात भिजलेले कार्ड. पायरीवरच बसले आणि गुडघ्यांत डोके घालून लहान मुलासारखे रडू लागले. "बिंद्या, येऊ नकोस म्हणाला होतास. आलो रे. मनावर घेऊ नकोस."

बिंदुमाधवराव त्यांच्या समोर उभे होते. साबण आता गालावर वाळला होता.

"अण्णा," ते म्हणाले.

अण्णांनी वर पाहिले. रडणे ओसरले आणि हळूहळू चेहऱ्यावर राग चढला.

"जिवंत आहेस?"

"आहे."

"मग मला कशाला रडवलंस? हे तुझं कार्ड. तुझ्या वहिनीनं शिक्का आणि कोपरा बघितला आणि किंचाळली. कार्ड कपड्याच्या बादलीत पडलं. वरचा कागद सुटला. खालचं कुठल्या मुलखाचं लिहिणं आहे, मला वाचता येईना. मी म्हटलं, मराठीत लिहायलाही कोणी उरलं नाही वाटतं ह्याच्याकडं."

एवढे बोलून त्यांचे लक्ष दिवाणखान्यात गेले. "अप्पा कुठं आहेत?"

"आत आहेत. स्वयंपाकघराकडं."

"पगडी असती तर हलवायची हिंमत झाली नसती तुझी," अण्णा म्हणाले, आणि परत जायला उठले. गोदूबाईंनी दंडाला धरून बसवले. "बसा अण्णा. नऊ वर्षांनी आलात. चूळ भरा, मग भांडा."

आणि अण्णा बसले तोच दारात टांगा थांबला.

सुनंदाबाई टांग्यातून उतरल्या. म्हणजे एक पाय खाली ठेवला आणि तो तसाच राहिला. समोर ओसरीभर पांढरी लुगडी, लाल डोळे, आणि एका ओळीत तीन डबे. एका डब्याचे झाकण सरकले होते आणि पिठल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"कोण गेलं?" सुनंदाबाईंनी विचारले.

"तेच आम्ही केव्हाचं विचारतोय," आत्या म्हणाली.

बिंदुमाधवराव पुढे झाले. जगातल्या अकरा देशांशी संबंध राखणारा माणूस, पण टांग्यातल्या एका बाईशी काय बोलावे हे त्यांना सुचेना. "या, या. आमच्याकडे हवा बरी आहे," असे त्यांच्या तोंडून गेले.

"रत्नाकर, उतरू नकोस," सुनंदाबाई म्हणाल्या. "मुहूर्ताला दारात मयताचं जेवण. शिंकेचं एक वेळ मी सोडून दिलं असतं. हे आता दोन वर्षांनी बघू." त्यांनी पाय पुन्हा टांग्यात घेतला.

रत्नाकर मात्र दुसऱ्या बाजूने कधीच उतरला होता. तो नयनाकडे बघत होता आणि नयना बापाकडे. तिने ज्या नजरेने बापाकडे पाहिले, ती नजर बिंदुमाधवरावांना फिनलंडच्या हवेपेक्षा थंड वाटली.

तेव्हा गोदूबाई हात पुसत टांग्यापाशी आल्या.

"सुनंदाताई, एक विचारू? तुम्ही जाणत्या, म्हणून विचारते. एखाद्याच्या मरणाची खोटी बातमी उठली, तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. खरं का हो ते?"

"खरंच आहे. आमच्या मामंजींची तशी बातमी उठली होती. ब्याण्णवापर्यंत गेले."

"एकाची उठली तर एकाचं वाढतं. इथं गावोगाव बातमी गेली आणि नाव कोणाचं ते कोणालाच कळलं नाही. म्हणजे घरातल्या सगळ्यांचीच उठली. नयनाचीसुद्धा."

सुनंदाबाईंचा पाय टांग्याच्या काठावर अडला. आयुष्य थोडे म्हणून त्यांनी एक मुलगी नाकारली होती. इथे आयुष्य वाढवून मिळत होते, आणि तेही साखरपुड्याच्या दिवशी. त्या हिशेबी होत्या.

"पण बातमी खोटी कशावरून? कार्ड त्या गृहस्थांच्या हातात आहे. कोपरा गेलेला मला इथून दिसतोय."

यावर बिंदुमाधवराव काही सांगू शकले असते. पण कोपरा कुठे गेला हे सांगायचे, तर व्याह्यांचे व्यसन उघडे पडणार होते. ते उमाकांतरावांकडे पाहू लागले. उमाकांतराव घोड्याकडे पाहू लागले. घोड्याला यातले काही ठाऊक नव्हते. नयना उमाकांतरावांकडे पाहत होती.

शेवटी उमाकांतराव खाली उतरले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी पाकीट काढले, ओसरीच्या कडेला बसले आणि एकेक तिरपा कोपरा पत्त्यासारखा मांडला. मग अण्णांच्या हातून कार्ड घेतले, एक कोपरा उचलला, नाही जुळला; दुसरा उचलला, तो नेमका बसला. पवनचक्कीचे पाते पूर्ण झाले. पलीकडे हॉलंडची राणी तिकिटात बसून सगळ्यांकडे पाहत होती.

"मयताचं नाही," उमाकांतराव खाली मान घालून म्हणाले. "माझं आहे."

सुनंदाबाईंनी कोपऱ्यांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. "ऑफिसात काम वाढलंय म्हणत होतात, ते हे?"

"हो."

"घरी चला, मग बोलू." आणि त्या टांग्यातून उतरल्या. नवऱ्यावर रागवायला त्यांना इतके मोठे कारण मिळाले होते की शकुनासाठी राग उरला नव्हता. "ती पांढरी लुगडी तेवढी मागच्या दारी न्या. आणि पिठलं झाका."

साखरपुडा झाला. आत्या गोदूबाईंचे हिरवे लुगडे नेसली आणि ते परत द्यायला विसरली. पंगतीत चिरोट्या होत्या, चित्रान्न होते. पण व्यंकूअण्णांनी आपला डबा उघडून धाकट्या भावाच्या पानात पिठले वाढले. बिंदुमाधवरावांनी नऊ वर्षांनी वहिनीच्या हातचे पिठले खाल्ले, आणि मीठ जास्त आहे असे सांगितले. अण्णा म्हणाले, तुझ्या नशिबात तेवढंच आहे. म्हणजे सगळे पूर्वीसारखे सुरू झाले.

हा सगळा प्रकार बिंदुमाधवरावांनी शब्दकोश घेऊन योहानला सविस्तर कळवला. आमच्याकडे कोपरा गेलेले कार्ड म्हणजे मरणाची बातमी, ते कसे वाचत नाहीत, कसे फाडतात. नातेवाइकांच्या अडाणीपणावर त्यात चार वाक्ये होती. योहानचे कार्ड नंतर दोन महिने आले नाही.

आणि मग एके दिवशी दुकान उघडायच्या वेळी पोष्टमनने दारात कार्ड दिले. पवनचक्की. वरचा एक कोपरा नाही.

योहान गेला. आणि त्याच्या माणसांनी, बघा, इतक्या दूर राहून, आपली रीत पाळली. बिंदुमाधवरावांनी डोळे मिटून कार्डाचे चार तुकडे केले, गटारात टाकले, डोक्यावरून थंड पाणी ओतून घेतले आणि दुकान बंद ठेवले. गोदूबाईंनी नुसते विचारले, "काय लिहिलं होतं?"

"त्यात काय वाचायचं असतं?"

"मला द्यायचं होतं. मी वाचलं असतं."

निरोप मिळाला तसे दुपारी व्यंकूअण्णा डबा घेऊन आले. न पाहिलेल्या स्वयंपाक्यासाठी दोघे भाऊ पवनचक्कीखाली पिठलं-भात घेऊन बसले. आता अप्पाही तिथेच होते, शेजारी. अण्णांनी आणलेल्या पगडीतल्या अप्पांसह ते आता दोन झाले होते.

तेवढ्यात उमाकांतराव आले. हातात तिकिटे उचलायचा चिमटा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. व्याही झाल्यापासून त्यांना संध्याकाळपर्यंत धीर धरवत नसे.

"काय सुंदर तिकीट आहे हो! पोष्टमन सकाळी वाटेत भेटला. म्हटलं, तुम्हाला कापायचा त्रास कशाला. तुमच्यासारखंच कापलं, तिरपं."

बिंदुमाधवरावांचा घास हातात राहिला. "योहानचं?"

"त्याचंच. स्वतः लिहिलंय. तुमचं पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली म्हणे. इतक्या गमतीचं घर बघायलाच हवं म्हणून बोटीत बसतोय. तुमच्याकडेच उतरणार. तारीख वगैरे सगळं लिहिलं होतं खाली."

"कोणती तारीख?"

"ते मी नाही पाहिलं. माझं लक्ष तिकिटाकडं. तुम्ही वाचलं असेलच ना?"

बिंदुमाधवराव उठले आणि बाहेर जाऊन गटाराकडे पाहून आले. गटार वाहते होते.

त्या दिवसापासून गोदूबाई रोज एका माणसाचा तांदूळ जास्त धुऊ लागल्या.